बाही काही पुरेना

पिठापुरमला कुक्कुटेश्वराच्या देवळामागच्या गल्लीत भ्रमरांबेच्या हातचं पोलकं घातलं नाही अशी बाई आजही सापडायची नाही. अंग एका रंगाचं आणि बाह्या दुसऱ्या रंगाच्या, ही तिची खूण. ही कल्पना सुचली कशी असं कुणी विचारलं, तर ती तोंडात टाचणी धरते. टाचणी धरली की बोलता येत नाही, ही शिवणकामातली मोठी सोय आहे.

मशीन तिच्याबरोबर सासरी आलं, लाडू-करंज्यांच्या टोपल्यांसोबत बैलगाडीत. वडिलांचा तुनीला ताडगुळाचा धंदा होता. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळं मुलीला काय द्यावं हे सांगणारं घरात कुणी नव्हतं. बापानं आपल्या बुद्धीनं पायमशीन दिलं. बाकी मुलींना भांडी मिळतात, आमच्या पोरीला विद्या मिळू दे, असं तो म्हणाला. विद्या नेमकी शिकवायची कुणी, हे मात्र त्याच्या लक्षात राहिलं नाही.

सासूबाई सीतारावम्मांना मशीन फार आवडलं. त्यांनी ते बाहेरच्या खोलीत ठेवलं, त्यावर विणलेला रुमाल घातला, रुमालावर वेंकटेश्वराचा फोटो ठेवला आणि शुक्रवारी चाकाला कुंकू लावायला लागल्या. मशीनला हात लावणं म्हणजे देव हलवणं झालं. पण काकिनाड्याची नणंद मंगतायारू एकदा येऊन गेली आणि जाताना चाकावरून हात फिरवत म्हणाली, "अम्मा, नुसतं कुंकू खातंय हे इथं. मला दोन मुली आहेत, त्यांना तरी उपयोग होईल."

सीतारावम्मा न्यायी बाई होत्या, म्हणजे दोन्हीकडचं ऐकून शेवटी मुलीचं करायच्या. त्यांनी सुनेला समोर बसवलं.

"हे बघ गं. तुला शिवता येत असेल तर मशीन तुझं. श्रावणात वरलक्ष्मीच्या व्रताला वाण घ्यायला बायका येतील, त्यांच्यासमोर शिवलेलं दाखव. नाही आलं तर मंगतायारू घेऊन जाईल. आणि शिकायला म्हणून नवं कापड आणायचं नाही. घरात असेल त्यात शीक."

"कोण शिकवणार अत्तय्या?"

"मशीन आणलंस तू आणि शिकवू मी? हात कुशल असला की वीतभर कापडातसुद्धा पोलकं निघतं."

हे वाक्य भ्रमरांबेच्या डोक्यात घर करून बसलं, आणि पुढचं सगळं रामायण त्याच्यामुळंच झालं.

आषाढ लागला. आषाढात नवी सून आणि सासू एका उंबरठ्यातून ये-जा करत नाहीत, म्हणून सून माहेरी जाते. पण तुनीला तिच्या भावांना कांजिण्या निघालेल्या. मग सासूच काकिनाड्याला लेकीकडं गेली. जाताना दाराशी दहा सूचना दिल्या आणि अकरावी गाडीतून ओरडून दिली. गाडी वळल्याबरोबर भ्रमरांबेनं वेंकटेश्वराला नमस्कार करून कोनाड्यात बसवलं आणि रुमाल काढला.

पहिले काही दिवस मशीन तिच्यापेक्षा हुशार होतं. पाय पुढं दाबला की चाक मागं फिरायचं. दोऱ्याचं खाली पक्ष्याचं घरटं व्हायचं. मग ती दोरा न ओवताच वर्तमानपत्रावर टीप मारायला लागली, सरळ रेघ येईपर्यंत. नवरा कामेश्वरराव, तांदळाच्या गिरणीतला कारकून, संध्याकाळी ते वर्तमानपत्र दिव्यापुढं धरायचा. "आज मंत्र्याच्या भाषणात फार भोकं आहेत," एवढंच तो म्हणाला. या माणसानं आयुष्यात बायकोच्या कामात याहून जास्त ढवळाढवळ केली नाही, आणि त्याचे तिच्यावर मोठे उपकार आहेत.

रेघ सरळ आली. जुन्या धोतरांच्या उशा झाल्या, उशांच्या पिशव्या झाल्या. मग तिनं आपलं लग्नातलं पोलकं उसवून त्याचे तुकडे कागदावर काढून घेतले. पाठ, पुढचे दोन भाग, पट्टी, बाह्या. आता हवं होतं कापड. आणि घरात कापड होतं.

सीतारावम्मांच्या पलंगाखाली लोखंडी पेटी होती, डांबरगोळ्यांच्या वासाची. तीत ब्लाउजपीस होते, चळतच्या चळत, एकही न शिवलेला. बिचारीला कळेना की एवढं कापड असताना सासूबाई दोनच पोलक्यांवर दिवस का काढतात. आई असती तर तिनं सांगितलं असतं की या गावांत ब्लाउजपीस शिवायचा नसतो, द्यायचा असतो. हळदीकुंकवाला सुंदरम्मांकडून आलेला पोपटी तुकडा संक्रांतीला दुसऱ्या घरी जातो, तिथून बारशाला तिसऱ्या, आणि फिरत फिरत एक दिवस पुन्हा सुंदरम्मांच्या हातात येतो. सुंदरम्मा त्याला ओळखतात, पण ओळख दाखवत नाहीत. चांगल्या घरच्या बायकांना एवढं जमतंच.

भ्रमरांबेनं तो पोपटी तुकडा पसरला आणि कागद मांडले. पाठ बसली, पुढचे भाग बसले. बाही बसेना. तिरकी लावून पाहिली, आडवी लावून पाहिली. कागद शंभरदा हलवले. शेवटी देवाचं नाव घेऊन कात्री चालवली, तरी एक बाही कोपराच्या वरच संपली. दुसरा तुकडा काढला, तेच. तिसरा काढला, तेच. लग्नातल्या पोलक्याच्या बाह्या त्या शिंप्यानं काढल्याच होत्या ना? मग आपल्याला का निघत नाहीत? वीतभर कापडात पोलकं निघतं म्हणे, आणि इथं हातभर असून पुरत नाही. ती कपाळाला हात लावून मशीनपाशी बसून रडली. वाईट याचं वाटत होतं की टीप सुरेख येत होती, गळा गोल येत होता, आणि तरी आपण मूळचेच मठ्ठ निघालो.

मग तिनं लाज सोडून एक उपाय काढला. एका तुकड्यात अंग आणि बाह्या दोन्ही निघणं शक्य नव्हतं, पण नुसत्या बाह्या काढल्या तर दोन जोड्या आरामात निघत होत्या. पोपटी अंगाला वांगी बाह्या, पिवळ्या अंगाला हिरव्या. आषाढ संपता संपता पेटी रिकामी झाली आणि पोलक्यांची चळत उभी राहिली.

सासूबाई नातीच्या तापामुळं अडकल्या आणि परतल्या त्या थेट वरलक्ष्मीच्या आदल्या संध्याकाळी. सोबत मंगतायारू होती आणि मशीन न्यायला गाडीवानही सांगून ठेवला होता. वाणाचे हरभरे भिजत घालून सीतारावम्मांनी पेटी ओढली, आणि घरातून असा आवाज आला की शेजारचं कुत्रं उठून गेलं.

"सगळे? सगळे शिवलेस?"

"घरात असेल त्यात शीक म्हणालात ना, अत्तय्या."

"अगं, ते घरातले नव्हते! ते गावातले होते!"

सणाच्या आदल्या संध्याकाळी बाजारात ब्लाउजपीस मिळणं शक्यच नव्हतं, सगळा माल कधीच उचलला गेलेला. आलेल्या सुवासिनींना नुसत्या हरभऱ्यांवर परत पाठवायचं तर सीतारावम्मांना गाव सोडावं लागलं असतं. रात्रभर जपमाळ ओढल्यासारखे त्यांचे सुस्कारे चालू होते. सकाळी वाणाच्या प्रत्येक ताटात विडा, केळं, हरभरे आणि एकेक शिवलेलं पोलकं ठेवलं गेलं.

बायका आल्या, कुंकू झालं, ताटं हातात पडली. सुंदरम्मांनी, म्हणजे गल्लीतलं सर्वांत तिखट तोंड, घडी उलगडली. पोपटी अंग, वांगी बाह्या.

"हे काय? बाह्या कुणाच्या?"

मंगतायारू याचीच वाट पाहत होती. "तिला कापायला जमत नाही, सुंदरम्मा पिन्नी. एवढाले तुकडे वाया घालवले. म्हणून तर मशीन मी नेतेय."

भ्रमरांबेचे कान तापले. आता मशीन गेलं, हे तिला कळून चुकलं. निदान खरं बोलून मोकळं व्हावं म्हणून ती खाली मान घालून म्हणाली, "माझंच चुकतंय पिन्नी. कितीही मांडलं तरी त्या पोपटी कापडात बाही काही पुर..."

"फॅशन आहे गं ती!" सुंदरम्मा जवळजवळ किंचाळल्या.

का, ते सांगायला हवं. द्यायचे ब्लाउजपीस दुकानदार वीतभर कमीच फाडतो. ते शिवले जात नाहीत हे त्यालाही ठाऊक असतं आणि घेणाऱ्या बाईलाही. किंमत कमी, घडी तेवढीच. खोलीतल्या प्रत्येक बाईनं असे तुकडे दिले होते, आणि आता प्रत्येकीचा तुकडा कुणाच्या तरी मांडीवर पाठ होऊन पडला होता. एकीनं जरी 'का पुरलं नाही' असं विचारलं असतं तर सगळ्याच उघड्या पडल्या असत्या.

"मद्रासला हल्ली अशाच बाह्या असतात," दुसरी म्हणाली. तिनं मद्रास पाहिलं नव्हतं.

"पोरीला दृष्टी आहे," तिसरी म्हणाली.

"पण पुरत नाही असं तीच म्हणाली ना..." मंगतायारूनं तोंड उघडलं.

"गप बस," सीतारावम्मा तिच्या कानाशी पुटपुटल्या. "तो वांगी तुकडा तूच आणलेलास."

गाडीवान रिकामी गाडी घेऊन गेला. भ्रमरांबेच्या डोळ्यांत पाणी आलं. या बायका किती मोठ्या मनाच्या, एका मठ्ठ पोरीची अब्रू कशी राखली, असं तिला मनापासून वाटलं.

पुढच्या आठवड्यात बायका जोडीजोडीनं तुकडे घेऊन यायला लागल्या. तशाच बाह्या हव्यात म्हणाल्या. खोटं एकदा दहा जणींनी बोललं की ते घालून हिंडावंही लागतं. हिंडता हिंडता ते त्यांना आवडूही लागलं. भ्रमरांबा शिवत राहिली, आणि आपल्याला अखंड पोलकं जमत नाही हा सल मनात बाळगत राहिली.

पहिली कमाई हातात आली तेव्हा ती स्वतःसाठी कापड घ्यायला बाजारात गेली.

"निळा दाखवा, शेट्टीगारू. पोलक्याचा."

शेट्टीनं गज उचलला. "द्यायला की घालायला?"

"म्हणजे?"

"अम्मा, द्यायला असेल तर इथवर, घालायला असेल तर इथवर." त्याचं बोट वीतभर पुढं सरकलं.

भ्रमरांबा तिथंच स्टुलावर बसली. शेट्टीनं पाणी आणून दिलं.

घरी सासूबाई गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, पानं निवडत होत्या. "अत्तय्या, तुम्हाला ठाऊक होतं?"

"काय?"

"ते तुकडे कमी होते. मी महिनाभर रडले."

"मग? तू सांगून शिवलेस का?" सीतारावम्मांनी एक पान टाकलं, एक ठेवलं. मग मान वर न करता म्हणाल्या, "टीप सरळ आहे तुझी. मी पहिल्याच दिवशी पाहिली."

त्या दुपारी निळ्या कापडात बाह्या निघाल्या. दोन्ही. पहिल्याच मांडणीत, आणि वर पट्टीएवढं कापड उरलं. ती उरलेली पट्टी हातात घेऊन ती पुन्हा रडली, पण हे रडणं चांगलं होतं. शुक्रवारी ते पोलकं घालून ती सासूबाईंबरोबर देवळात गेली. गळ्यापासून बाहीपर्यंत सगळं निळं, एक सुरकुती नाही.

सुंदरम्मांनी तिला प्रदक्षिणेतच अडवलं. बाही चिमटीत धरून आतबाहेर पाहिली. त्यांच्या अंगावर पोपटी-वांगी होतं.

"हे गं काय? दोन्हीकडं एकच रंग? हात बिघडला की काय तुझा?"

भ्रमरांबेला हसू आलं आणि रागही आला, राग जास्त. तिनं तोंड उघडलं, तोच सीतारावम्मा मधे पडल्या.

"सांभाळून घ्या," त्या म्हणाल्या, "शिकतेय अजून."