तोंडाला चव आली त्या दिवशी

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण जुन्या हुबळीत चाळीस वर्षं लोकांच्या घरी स्वयंपाक केला, पहाटे अंधारातून एकटी गेले-आले, मला कधी काही दिसलं नाही. इथे वाचनाच्या खोलीत एक मासिक येतं, त्यात लोकांचे असले अनुभव छापतात. आमचे कुलकर्णी मास्तर ते मोठ्याने वाचतात आणि मध्येच थांबून म्हणतात, "ह्या माणसाला आधी पित्ताची गोळी द्या." सगळे हसतात. मीही हसायची. म्हणून हे मी पाठवणार नाही. वहीत लिहून ठेवते...

इथे म्हणजे धारवाडला, सप्तापुरात. म्हाताऱ्या माणसांसाठीचं घर आहे, दोन मजली, दारात कडुनिंब. मी आले तेव्हा आम्ही बावीस जण होतो. नवरा गेला, मूलबाळ नाही. छातीत कॅन्सरची गाठ निघाली तेव्हा पुतण्याने इथे आणून ठेवलं. दर तीन आठवड्यांनी हुबळीला केमो.

पहिल्या दिवशी जेवायची वेळ झाली तशी मी ताट घेऊन सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसले. जन्मभराची सवय. माझ्या खोलीतल्या शांताक्का — टपाल खात्यात होत्या — त्यांनी दंडाला धरून बाहेर आणलं. "आत काय नोकरीला लागलीस? इथं बस, माझ्या शेजारी." तेव्हापासून टेबलावरची ती खुर्ची माझी.

माणसं फार चांगली. केमोहून आले की कुणी ना कुणी गेटवर उभं असायचं. केस गेले तेव्हा कमलाबाईंनी त्यांचा मऊ सुती रुमाल आणून स्वतः डोक्याला बांधला.

दुसऱ्या केमोनंतर चव गेली. भात म्हणजे ओला कापूस, चहा म्हणजे गरम पाणी. मी स्वयंपाकीण... मला ते केसांपेक्षा जास्त लागलं. स्वयंपाक करणारी गंगव्वा रोज वाढताना कानडीत विचारायची, "रुची बंतेनरी, अक्का?" चव आली का? मी मान हलवायची. मग टेबलावरचे सगळे हळूहळू घास घ्यायचे, जणू त्यांचीच चव गेली होती.

एका मंगळवारी सकाळी चहाचा घोट घेतला आणि आलं लागलं. मग साखर. मी कप खाली ठेवला. "चव आली," एवढंच म्हटलं. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. गंगव्वाने लगेच शिरा केला, वरच्या मजल्यावरचे वकीलसाहेब गोड खात नसत, त्यांनीही माझ्या नावाने चमचाभर घेतला. दुपारी ते खुर्चीत पेपर वाचता वाचता गेले. संध्याकाळी मला कुणीतरी दूध दिलं, ते पुन्हा गरम पाणी होतं.

डॉक्टर म्हणाले, चव अशी येते-जाते. मी सोडून दिलं.

महिनाभराने भाकरीबरोबर गंगव्वाची शेंगदाण्याची चटणी होती. लसूण लागला, मिरची लागली, मीठ जरा कमी आहे हेसुद्धा कळलं. ह्या वेळी सांगताना माझा आवाज बारीक झाला, पण सांगितलं, कारण कमलाबाई समोर होत्या आणि रोज विचारायच्या. त्यांनी माझा हात दाबला. "आता तू बरी होतेस बघ." त्या रात्री जेवायला आल्या नाहीत. खोलीत गेलो तर भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या... अंग गार होतं. दुखणं काही नव्हतं.

त्यानंतर रोजचा पहिला घास मी भीतभीत तोंडात घालायची. काही लागलं नाही की बरं वाटायचं. सगळे हळहळायचे, मी आतून सुटायची. हे कुणाला कसं सांगणार?

शेवटच्या केमोच्या आधी एके दिवशी उप्पिटात मोहरी लागली, कढीपत्ता लागला. गंगव्वाने विचारलं तेव्हा मी नाही म्हणून मान हलवली.

त्या दिवशी मी शांताक्कांना सोडलं नाही. त्यांना बीपी. गोळी घेतली का, जिना चढू नका, उन्हात जाऊ नका.

"इंदू, आज मला पोचवायलाच निघालीस काय ग?" त्या वैतागल्या. "न्हाणीत तरी एकटीला जाऊ दे."

मी दाराबाहेर उभी राहिले. दुपारी जेवायला सगळे बसले तेव्हा मोजले. मला सोडून एकोणीस. चहाला मोजले, एकोणीस. मास्तर दोनदा खोकले तर मी मॅनेजर मॅडमना सांगून डॉक्टर बोलवायला लावले. मी, जिने कधी कुणाला पाणी मागितलं नाही. रात्री टेबलावर एकोणीस जण होते. वाटलं — टळलं.

ताटं मात्र आली नव्हती. मॅडम आल्या आणि म्हणाल्या, गंगव्वा दुपारी घरी जाऊन जरा पडली, ती उठलीच नाही.

मी चाळीस वर्षं लोकांच्या घरात राबले. घरात किती माणसं, असं कुणी विचारलं तर त्यात मला कुणी धरलं नाही, मला त्याचं वाईटही वाटायचं. आणि मी दिवसभर माणसं मोजली, मला रोज चव आली का विचारणारी बाई सोडून. तिला सांगितलं असतं तर वाचली असती का, माहीत नाही. "आज घरी जाऊ नकोस" एवढं तरी म्हणता आलं असतं.

केमो संपून आता बरेच दिवस झाले. डॉक्टर म्हणतात, चव आता कायमची परत येईल, घाबरायचं काही कारण नाही. गंगव्वाच्या चटणीची एक बरणी शांताक्कांनी खोलीत ठेवली होती. "तुझी चव आली की उघडू." आज सकाळी म्हणाल्या, "खवट होईल ग, किती वाट बघायची?" आणि माझ्या ताटात वाढली.

लसूण लागला. मीठ जरा कमी.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "काही कळत नाही, अक्का."

डॉक्टरांचं खरं असेल तर उद्याही मला चव असेल. नसेल तर... ह्याचा अर्थ मला लागलेला नाही, लागेलसं वाटतही नाही. नवीन स्वयंपाकीण रेणुकाला मी दुपारी म्हटलं, आज घरी जाऊ नकोस, इथेच झोप. "का अज्जी?" मी म्हटलं, मला भीती वाटते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि घरी फोन लावला.

मघाशी पुन्हा मोजलं. एकोणीस जण, रेणुका, झाडणारी यल्लव्वा, गेटवरचे अण्णा, मॅनेजर मॅडम. तेवीस. सगळे धडधाकट आहेत. बाहेर मास्तरांचं काहीतरी वाचन चाललंय, शांताक्का हसतायत, मला हाक मारतायत.

वही मिटताना लक्षात आलं, मी स्वतःला धरलंच नव्हतं.

चोवीस.