पुजलेला पाना

ही गोष्ट माझ्या तोंडातून आजवर बाहेर पडलेली नाही. बायकोला सांगितली नाही, देवासमोर पण कधी उच्चारली नाही. बायको — हौसा — गेल्या पौषात गेली. आता घरात मी आणि चूल. चूलसुद्धा रोज पेटत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, अक्षर वाकडं आहे. असू दे. लिहायचं ते लिहितो.

आधी दत्तूचं सांगतो. नाही — आधी गाडीचं सांगतो, ते सोपं आहे.

बेळगावात कॅम्पाला लागून माझं दुकान होतं, गाड्यांच्या वायरिंगचं. कंग्राळीहून सायकल मारत यायचो. ट्रक, जीप, टॅक्सी, सगळ्यांचे डायनामो माझ्याकडं यायचे. गाडी चालताना बॅटरी भरत राहतो तो डायनामो. त्यातलं माझ्याएवढं कुणाला कळत नाही असं लोक म्हणायचे, आणि मी ते गप ऐकून घ्यायचो, गोड लागायचं. कॅम्पात एक रिटायर कॅप्टनसाहेब राहायचे. त्यांच्या वडिलांची जुनी विलायती गाडी होती, काळी, मोठ्या गोल दिव्यांची. वीस वर्षं त्या गाडीच्या वायरीला माझ्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. तसल्या जुन्या गाडीत बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू गाडीच्या बॉडीला जोडलेली असते. नव्या गाड्यांच्या बरोबर उलट. माझ्या हाताला ते इतकं पाठ झालं होतं की डोक्याला विचारावं लागत नव्हतं.

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साल असेल. त्या गाडीचा डायनामो थकला, दिवे मिणमिणायला लागले. साहेबांच्या मुलानं मुंबईहून अल्टरनेटर पाठवून दिला. काम डायनामोचंच, पण आतली रचना वेगळी. त्यात डायोड असतात, ते लई नाजूक. मी तोवर अल्टरनेटर खोलला नव्हता. दत्तूनं खोलला होता.

दत्तू हौसाचा धाकटा भाऊ, सदलग्याचा. आई गेली तेव्हा पाच वर्षांचा होता. हौसानं त्याला कडेवर घेऊन वाढवला. नावाला आक्का, खरी आईच. पक्कड धरायला त्याला मीच शिकवलं, मग तो कोल्हापुरात दोन वर्षं काम शिकला आणि माझ्या दुकानात आला. सहा वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. मी त्याचा दाजी, पण बापासारखा मान द्यायचा. उलटून बोलला असं एकदा झालं नाही.

त्यानं दोन दिवस खपून अल्टरनेटर बसवला. त्यासाठी बॅटरीची जोडणी उलटी करावी लागते. पॉझिटिव्ह होती तिथं आता निगेटिव्ह बॉडीला. मला त्यानं दोनदा सांगितलं, ध्यानात असू द्या दाजी म्हणून. मी व्हय व्हय केलं. साहेबांनी गाडी चालू केली, दिवे लावले, भर दुपारी डोळ्यात घुसले. साहेबांनी दत्तूच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, आता तुम्हीही याच्याकडून शिकून घ्या. चेष्टेनं म्हणाले. सगळे हसले. शेजारी टायरवाला शिवाप्पा होता, तो तर म्हणाला, "आता गल्ल्यावर बसा की ओ, पोरगं पोसंल तुम्हाला." मी पण हसलो.

हसलो — पण आत काय झालं? वीस वर्षांचा माझा मान तो एका दिवसात घेऊन गेला असं वाटलं. बायकोचा भाऊ. माझ्याच डब्यात जेवणारा. एवढं मोठं काय झालं होतं? काही नाही. दिवे चांगले लागले, एवढंच झालं होतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्यात त्या दिवशी हत्यारं पुजतात. पाने, पक्कड, हातोडी धुऊन पोत्यावर मांडायची, हळद-कुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. एकदा पुजली की दसऱ्याला उठवेपर्यंत हात लावायचा नाही. कितीही अडलं तरी नाही. साहेबांची गाडी पण दुकानातच होती, माळ घालून. आदल्या संध्याकाळी दत्तूनं तिची बॅटरी एकदा सोडून, पुसून परत जोडली होती. दसऱ्याला पूजा झाली की ते नेणार होते. सकाळी आम्ही तिघांनी मिळून पूजा केली. दत्तू बापाकडं सदलग्याला गेला, हौसा सैपाकाला घरी गेली. मी कुलूप लावायचं म्हणून मागं राहिलो.

कुलूप लावलं नाही. दार आतून ओढून घेतलं.

मला तो अल्टरनेटर बघायचा होता. कुणी नसताना. दत्तूला विचारलं असतं तर त्यानं आनंदानं दाखवला असता, पण विचारायचं कसं? चाळिशी ओलांडलेल्या माणसानं, ज्याला आपण पक्कड धरायला शिकवलं त्याला — दाखव रे बाबा, मला येत नाही? जीभ वळली नाही. पोत्यावरचा पाना उचलला. त्यावरचं झेंडूचं फूल बाजूला ठेवलं. बॅटरी सोडली, अल्टरनेटर ढिला केला, फिरवून बघितला. काही कळलं नाही. परत बसवला. मग बॅटरी जोडली.

हातानं जोडली. डोकं कुठं होतं कोण जाणे. वीस वर्षं जशी जोडत आलो तशी, पॉझिटिव्ह बॉडीला. बॅटरीचे दोन खुंट जाडीला वेगळे असतात, क्लॅम्प नीट बसेना — तेव्हा तरी कळायला पाहिजे होतं. मी ठोकून बसवला. ठिणगी उडाली, आणि अल्टरनेटरमधून जळका वास आला. एवढंच. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं संपलं.

बॅटरी पुन्हा बरोबर फिरवून जोडली. वास जाईपर्यंत खिडकी उघडी ठेवली. पाना पुसला, त्याला नवीन हळद-कुंकू लावलं, फूल होतं तसं ठेवलं. मग घरी जाऊन जेवलो. हौसानं पुरण केलं होतं. दोनदा वाढून घेतलं.

दसऱ्याला साहेब आले. गाडी चालू झाली, पण चार्जिंगचा काटा उणेकडंच. दत्तूनं अल्टरनेटर उतरवला, खोलला, आणि नुसता बघत बसला. डायोड जळलेले. शिवाप्पा म्हणाला, कोल्हापूरची परीक्षा नापास झाली म्हणायची. दत्तू हसला नाही. बॅटरी उलटी लागल्याशिवाय हे असं जळत नाही, हे त्याला ठाऊक होतं. आणि बॅटरी तर बरोबर जोडलेली. त्यानं वर बघितलं आणि मला विचारलं, अगदी हळू, "दाजी, मी गेल्यावर तुम्ही हात लावलता का?"

तेव्हा बोलायचं होतं. व्हय म्हणायचं होतं. कॅप्टनसाहेबांनी काय केलं असतं? ओरडले असते. शिवाप्पा चार दिवस हसला असता. त्यापलीकडं काय होतं?

मी तो पुजलेला पाना उचलला, हातात धरला आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "पुजलेल्या हत्याराला मी हात लावीन? शपथ घेऊन सांगतो, न्हाय लावला."

झालं. खंडेनवमीला कोण हत्यार उचलतंय? कुणाला शंकाच आली नाही. माझ्याच देवाच्या आडोशाला मी लपलो. शेवटचा हात दत्तूचा, म्हणजे चूक दत्तूची. साहेब एवढंच म्हणाले की आजपासून हा माझ्या गाडीला शिवणार नाही. दत्तूनं आपल्या हाताकडं बघितलं. तो बोटांवर आठवत होता — आधी ही वायर, मग ही — आणि मला दिसलं, तो स्वतःवरच शंका घ्यायला लागला होता. ते मला दिसलं आणि बरं वाटलं. हे पण लिहितो. बरं वाटलं.

इथं थांबलो असतो तरी एक वेळ — पण नाही थांबलो. घरी जाऊन हौसाला सांगितलं की तुझ्या भावानं चार लोकांत माझ्यावर आळ घेतला, पुजलेलं हत्यार बाटवलं म्हणाला. तो असं म्हणालाच नव्हता. त्यानं विचारलं होतं. पण दत्तू तोंड उघडायच्या आत मला तिच्या कानात घालायचं होतं. हौसा देवाधर्माची बाई. ती भिंतीला टेकली. मग म्हणाली, "माझ्या दारात त्याचं पाऊल नको."

दत्तू पुढं वीस-बावीस दिवसांनी आला, भाऊबीजेला. हातात खणाची पुडी. उंबऱ्याच्या बाहेर बसला. हौसा आत ताट घेऊन उभी होती — निरांजन, सुपारी, सगळं तयार केलेलं होतं तिनं, मन नको म्हणत असलं तरी हातानं केलं होतं. बाहेर काही आली नाही. तो बाहेर, ती आत, मध्ये मी खाटेवर. माझं एक वाक्य पाहिजे होतं. वात संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली. शेवटी पुडी उंबऱ्यावर ठेवून तो गेला. तो खण हौसानं कधी शिवला नाही, पण टाकलाही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात साहेबांनी दुसरा अल्टरनेटर मागवला. जळक्याच्या जागी नवा मी बसवला. कसा? दत्तूनं एका पुठ्ठ्यावर वायरींचं चित्र काढून ठेवलं होतं, कुठली कुठं जाते ते. शाई फिरवून ठळक केलं होतं, माझी नजर अधू झाली म्हणून. त्यात बघून बसवला. दिवे लागले. साहेब म्हणाले, शेवटी जुनं ते सोनं. दत्तू तोवर निपाणीत तंबाखूच्या वखारीत पोती उचलत होता. वायरीचं काम त्यानं सोडलं. आपल्या हाताचा भरवसा राहिला नाही असं कुणाला तरी म्हणाला होता. ते माझ्या कानावर आलं. मी चहा पीत होतो. चहा पिऊन झाला, कामाला लागलो.

दहा-अकरा वर्षं गेली. बहीण-भाऊ बोलले नाहीत.

हौसा आजारी पडली तेव्हा शेवटी शेवटी तिला फार बोलवत नव्हतं. एक दिवस म्हणाली, "दत्तू तेवढा एकदाच चुकला न्हवं ओ? एरवी चांगला हुता." मी तिचे पाय चेपत होतो. ती मरणार हे मला ठाऊक होतं. तिला पण ठाऊक होतं. माझं तोंड कुणी धरलं होतं?

"व्हय," म्हणालो. "एकदाच चुकला."

दत्तूला बोलवू का, म्हणून विचारलं. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मान हलवली. नको. तुम्हाला वाईट वाटंल, म्हणाली. तीन दिवसांनी गेली.

दहाव्याला नदीवर दत्तू आला होता. मी ओळखलंच नाही. केस पिकलेले, पाठ वाकलेली, खोकला. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान माणूस. विधी होईपर्यंत लांब उभा राहिला. मग जवळ आला, माझे दोन्ही हात धरले आणि रडायला लागला. म्हणाला, "दाजी, त्या गाडीचं माझ्याच हातनं झालं असणार. वर तुमच्यावर शंका घेतली. आक्का गेली, तिला सांगायचं ऱ्हायलं. तुम्ही तरी माफी द्या."

चार माणसं बघत होती. पण ती नसती, तरी मी वेगळं बोललो असतो असं वाटत नाही.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे रं," म्हणालो. "केलं माफ."

त्यानं माझ्या पायावर डोकं ठेवलं. मी ठेवू दिलं.