फुकटचा राखणदार

आधीच माफी मागून ठेवते. या वहीत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका जागोजाग निघतील, आणि अक्षर तर असं आहे की दुसऱ्या दिवशी माझं मलाच लागत नाही. चौथी झाली आणि शाळा सुटली. त्यानंतर पेन हातात धरला तो डब्यांवर डाळींची नावं लिहिण्यापुरता. चुकांची माफी मागते, पण मी जे केलं त्याची मागत नाही. त्या वेळी घरात आणि गल्लीत बरंच बोलणं झालं. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून तेव्हा कुणाला उत्तर दिलं नाही. ते इथं लिहिते.

पाटोद्यात आमचं किराणा दुकान आणि घर एकाला एक लागून आहे. पुढं दुकान, मागं आम्ही. लेक कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला कारकुनाच्या परीक्षेला बसायचं होतं आणि त्यासाठी कंप्युटरवर हात बसवायचा होता. कॉलेजात एका कंप्युटरमागं पाच-पाच पोरं. मुलींचा नंबर यायच्या आत तास संपायचा. म्हणून घरधन्यांनी बीडहून एक जुना कंप्युटर आणला आणि आतल्या खोलीत, ज्वारीच्या कोठीशेजारी टेबलावर बसवला. लेक रोज दोन तास टकटक करायची. मी भाकरी थापताना त्या आवाजावरून ओळखायची, आज हात चांगला चालतोय की नाही.

तीन-चार महिने बरे गेले. मग एक दिवस लेक रडायला लागली. कॉलेजातून पेन ड्राइव्हवर काहीतरी आणलं होतं, त्यातून व्हायरस आत शिरला होता. तिनं आतापर्यंत लिहिलेलं सगळं दिसेनासं झालं. एकाच नावाची दहा-दहा खोटी फोल्डरं तयार होत होती आणि कुठलंही उघडलं की कंप्युटर मान टाकायचा.

स्टँडाजवळ कंप्युटरचं दुकान होतं. दुकानदार तिशीचा, गोड बोलणारा. त्यानं लेकीचं लिहिलेलं बरंचसं परत काढून दिलं, हे मी नाकारत नाही. मग म्हणाला, "मावशी, राखण नसलेल्या रानात डुकरं शिरणारच. ओरिजनल अँटिव्हायरस टाकून देतो. एक वर्ष बघायचं काम न्हाई. चौदाशे होतील."

घरधनी नको म्हणत होते. मी कुरडया-शेवया करून देते, त्याचे पैसे माझ्याकडे होते. ते मी दिले. त्यानं साध्या वहीच्या पानावर 'अँटिव्हायरस, एक वर्ष, चौदाशे' असं लिहून खाली तारीख टाकून सही केली आणि सोबत त्याची सीडी दिली.

दोन महिने झाले नाहीत तोच परत तीच खोटी फोल्डरं. घरधनी कंप्युटर घेऊन त्याच्याकडं गेले आणि परत आले ते वेगळंच ठरवून.

"त्यो म्हणतोय मशीनच जुनं झालंय. सहा हजारात घेतो म्हणाला. देऊन टाकू."

"अन् पोरीची परीक्षा?"

"परीक्षेला काय शंभरजणी बसतेत. लागते का एक तरी? पुढच्या साली लग्न करायचंय तिचं. तिथं काय ह्ये डबडं मांडायचंय व्हय?"

लेक दाराआड उभी होती. तिनं ऐकलं. मी एवढंच म्हणाले, "पंधरा दिस थांबा." ते थांबले, कारण मी कधी काही मागत नाही.

त्या पंधरा दिवसांत आम्ही मायलेकी फुकटच्या राखणदाराच्या मागं लागलो. लेकीच्या मैत्रिणीनं सांगितलं होतं की इंटरनेटवर फुकट अँटिव्हायरस मिळतात. घरी इंटरनेट नव्हतं. लेक एसटीनं बीडला गेली, तिथल्या नेट कॅफेत बसली आणि दोन वेगवेगळे दोन सीडींवर भरून घेऊन आली.

घरधनी दुकानातून ओरडले, "फुकट? फुकट कावून देतील गं कोणी? आपुन देतो का गुळाचा खडा तरी फुकट?"

तो प्रश्न मलाही पडला होता. लेकीनं पहिल्या सीडीतला इंग्रजी मजकूर वाचून अर्थ सांगितला. त्यात लिहिलं होतं की घरच्या वापराला फुकट, धंद्याला वापरायचं असेल तर पैसे भरा. ते ऐकून माझं मन बसलं. पाणपोईचं असंच असतं. वाटसरूनं कितीही प्यावं, पण कोणी टँकर भरायला आला तर त्याला हटकतात. ज्या फुकटात अट सांगितलेली असते त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

दुसऱ्या सीडीवरच्याची तसली काही अट नव्हती. तो सुरू झाला आणि क्षणात लाल अक्षरात सांगू लागला की तुमच्या कंप्युटरात शेकड्यानं व्हायरस आहेत, काढायचे तर अमुक डॉलर भरा. लेक घाबरली.

"आई, बघ किती निघाले."

मी म्हणाले, "ह्यानं कधी तपासलं गं? आत्ता तर पाय ठेवला."

आमच्या गल्लीत एक भोंदू यायचा. उंबऱ्याबाहेर उभा राहून, घरात न डोकावता म्हणायचा, तुमच्या घरात करणी आहे, एकावन्न रुपये द्या. माझ्या सासूबाईंनी त्याला एकदा विचारलं होतं, कुठल्या खोलीत हाय ते सांग. तो चालता झाला. मी लेकीला म्हणाले, याला काढ. तिनं काढलं, पण तो सहजी जाईना. त्याला घालवायला दोन दिवस गेले.

मग राहिला पाणपोईवाला. तो लेकीनं टाकला. इथं आम्ही चूक केली आणि ती आमच्या घरच्या वळणाची होती. आमच्या दुकानाच्या शटरला दोन कुलपं असतात, डाव्या अंगाला एक, उजव्या अंगाला एक. एकच कुलूप म्हणजे चोराला आवतण, हे घरधन्यांचं नेहमीचं बोलणं. तेव्हा चौदाशेवाला काढून टाकायचं कुणाच्या मनातही आलं नाही. दोन राखणदार असलेले बरेच, असं मीच लेकीला सांगितलं.

कंप्युटर सुरू केला तो अर्धा तास तसाच. माउसचा बाण जागचा हलेना. बंद करून परत सुरू केला, परत तेच. घरधनी दारात येऊन उभे राहिले.

"खा आता फुकटचं. सहा हजार देत होता, आता तीनबी देणार न्हाई."

चूक माझीच होती. लेकीनं शेजारून नेट कॅफेवाल्याला फोन लावला. तो हसला म्हणे. एका कंप्युटरात दोन अँटिव्हायरस ठेवत नाहीत, ते एकमेकालाच चोर समजून धरून बसतात, असं त्यानं सांगितलं. एक काढा.

कुठला काढायचा? घरधनी म्हणाले, "त्यात काय इचारायचं. पैशाचा ठेवायचा, फुकटचा काढायचा." लेकसुद्धा तेच म्हणाली. मला ते पटेना. मी म्हणाले, आधी दोघांना एकएकटं बघू. तुझा तो कॉलेजातला पेन ड्राइव्ह आण, जसा आहे तसा.

आधी फुकटचा काढला आणि पेन ड्राइव्ह लावला. चौदाशेवाला गप्प. पेन ड्राइव्हमधली घाण त्याच्या डोळ्यांदेखत आत आली तरी हूं नाही की चूं नाही. मग चौदाशेवाला काढून फुकटचा टाकला आणि तोच पेन ड्राइव्ह परत लावला. लगेच चौकट उघडली. त्यानं आतली चार फोल्डरं धरली आणि बाजूला काढून ठेवली. पुढच्या दोन तासांत कंप्युटरभर फिरून आणखी किती धरली ते मी मोजलं नाही. संध्याकाळी लेकीची टकटक सुरू झाली.

पण मला चैन पडेना. चौदाशेवाला गप्प कावून बसला? दुसऱ्या दिवशी मी लेकीला त्याची सीडी परत लावायला सांगितली, फुकटचा तेवढ्यापुरता काढून. त्याची खिडकी उघडली. इंग्रजी मला येत नाही, पण आकडे येतात. दुकानात बिस्किटांचे पुडे, तेलाच्या पिशव्या, पोरांची दूध पावडर, सगळ्यांच्या तारखा मीच बघते, घरधनी चष्म्याशिवाय बघत नाहीत. खिडकीच्या कोपऱ्यात एक तारीख होती. मी लेकीला त्या ओळीचा अर्थ विचारला. ती म्हणाली, मुदत संपल्याची तारीख. मी त्यानं दिलेला कागद शेजारी धरला. आम्ही पैसे दिले त्याच्या वर्षभर आधीच त्या राखणदाराची मुदत संपलेली होती. कुणाची तरी वापरून झालेली सीडी त्यानं नकलून आमच्या गळ्यात मारली होती.

ते मी घरधन्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा बघितलं आणि म्हणाले, "बरं, फसवलं. मग? तू पैसे परत आणणार हाईस का त्याच्याकडून? भाजीवालीला दोन मिरच्या वरून टाक म्हणायला लाजतेस तू."

"आणीन."

"आणलेस तर ह्ये डबडं ऱ्हाऊ दे घरात, मी परत बोलणार न्हाई. दिवाळीपतोर न्हाई आलं, तर पाडव्याला मी ते त्याला उचलून देणार."

लेकीची परीक्षा दिवाळीनंतर होती. म्हणजे माझ्या गप्प बसण्यापायी तिची परीक्षा जाणार होती.

बाजारच्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन मी स्टँडावर गेले. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं. कागद आणि सीडी काउंटरवर ठेवली; कागदाच्या खाली लेकीनं मुदत संपल्याची तारीख लिहून दिली होती.

"दादा, ह्याची मुदत संपलेली हाय."

तो हसला. "मावशी, ते कंप्युटरचं असतंय. तुमाला न्हाई कळायचं."

"तारीख कळती मला. आमच्या दुकानात मुदत संपलेला माल एजन्सीवाला परत नेतो अन् पैसे वळते करतो. बिस्किटाचं बी अन् साबणाचं बी."

"अन् हे काय बिस्कीट हाय का?" गिऱ्हाइकं हसली. "किती शिकलात मावशी?"

"चौथी."

"मग झालं की. फुकटचं काहीबाही टाकून तुमीच बिघडवलं, अन् आता माझ्या नावानं खडे."

मला पुढं बोलता येईना. परत फिरायचं तर लेकीचा चेहरा समोर होता. बाजूला एक प्लास्टिकची खुर्ची होती. मी तिच्यावर बसले, पिशवी मांडीवर घेतली. त्याला वाटलं दमले असेन. तासभर झाला. मग म्हणाला, "मावशी, काही पाहिजे का?" मी कागदाकडं बोट केलं.

दुकान बंद व्हायच्या वेळी मी उठून घरी आले. पुढच्या बाजारी परत गेले. त्याच खुर्चीवर बसले. येणारं गिऱ्हाईक विचारायचं, या बाई कोण? तो म्हणायचा, बसल्यात अशाच. मग गिऱ्हाईक माझ्याकडं बघायचं आणि मी कागद पुढं करायची. तो वाचून माणूस सीडीकडं बघायचा, मग त्याच्याकडं. एक मास्तर त्या दिवशी अँटिव्हायरस घ्यायला आले होते. त्यांनी कागद वाचला, सीडीवरची धूळ बोटानं पुसली आणि "बघतो, परत येतो," म्हणून गेले. परत आले नाहीत.

गल्लीत चर्चा झाली. बाईमाणूस स्टँडावर दिवसदिवस बसते म्हणून जाऊबाई घरी येऊन गेल्या. "लाज न्हाई वाटत का गं?"

वाटत होती. बसल्या जागी कानापर्यंत तापायची मी. पण लाज वाटते म्हणून माणसानं आपलं गेलेलं सोडून द्यावं, हे कुठं लिहिलंय? लाजऱ्या बाईला फसवायला सोपं जातं, कारण ती ओरडत नाही. मग मी ओरडले नाहीच. नुसती बसले. पैशासाठी दारात धरणं धरून बसायची रीत आमच्याकडं जुनी आहे, फक्त बायका बसत नव्हत्या.

तिसऱ्या बाजारी त्यानं चहा मागवला. मी घेतला नाही. तेव्हा त्यानं गल्ल्यातून पाचशे काढले. "घ्या मावशी, अन् विषय मिटवा." मी ते घेतले आणि खुर्चीवरच बसून राहिले.

"आता काय?"

"नऊशे राहिले."

"चूक माझी न्हाई, मलाबी पुढून तसंच आलतं."

"तर तुमी बी तिथं जाऊन बसा."

हे माझ्या तोंडून कसं गेलं मला कळलं नाही. दुकानातला एकजण फसकन हसला, आणि या वेळी तो माझ्यावर हसत नव्हता.

चौथ्या बाजारी चारशे आले. पाचव्या बाजारी शटर खाली होतं. मी पायरीवर बसले. दुपारी तो आला, मला बघून शटर उचललं. त्या दिवशी दोनशे दिले. राहिलेल्या तीनशेंसाठी तो तीनवेळा उद्या म्हणाला, आणि मी तीन उद्या गेले, बाजार नसताना.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात त्यानं शंभराच्या तीन नोटा काउंटरवर ठेवल्या, मी आणलेला कागद ओढून घेतला आणि सहीवर आडवी रेघ मारली. मी नोटा मोजल्या. घरी येऊन ते तीनशे आधीच्या अकराशेंवर ठेवले आणि चौदाशे घरधन्यांच्या पुढ्यात मांडले. त्यांनी मोजले, परत मोजले आणि माझ्याकडं सरकवले. आत टकटक चालली होती. पैसे पुरे आले होते.