वन्संचं सुगड

घरात तैलरंग येईपर्यंत माझा संसार बरा चालला होता. आमचे हे सोलापुरातल्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर. संध्याकाळी घरी आले की पेन्सिलीनं फुलदाणी काढ, नारळ काढ, असं काहीतरी करत बसायचे. कुणाला त्रास नव्हता. नारळाची शेंडी अशी काढायचे की एकेक केस मोजून घ्यावा. मग मुंबईचे एक वृद्ध चित्रकार शाळा बघायला आले. त्यांनी तो नारळ पाहिला आणि म्हणाले, "मास्तर, उत्तम आहे, पण बघताना जीव गुदमरतो. तैलरंग घ्या, हात सैल सोडा. डोळ्यांना दिसतं तेवढंच काढा, चार फटकाऱ्यांत काढा आणि गप्प बसा." एवढं बोलून ते गाडीत बसून निघून गेले. पुढचं सगळं माझ्या वाट्याला आलं.

मुंबईहून पार्सल आलं. शिशाच्या नळ्यांतले रंग आणि ताठ केसांचे कुंचले. केस कसले म्हणून मी सहज विचारलं आणि ह्यांनीही सहज सांगितलं, "डुकराचे." त्या दिवसापासून कुंचल्यांचा मुक्काम परसातल्या कोनाड्यात. जवसाचं तेल पार्सलात आलं नव्हतं, ते घाण्यावरून आणलं. आम्ही जवसाची चटणी खाणारी माणसं, पण त्या तेलाचा वास असा काही घरभर बसला की मला जेवताना प्रत्येक घासाला चित्र खाल्ल्यासारखं वाटायला लागलं. मांजरपाट आणून लाकडी चौकटीवर ताणला, त्याला सरस आणि सफेदा फासला. रंग कालवायला पाटी हवी म्हणून माझा जुना पोळपाट गेला. मी भांडले, पण पोळपाट परत मिळाला नाही.

एवढी तयारी झाल्यावर प्रश्न आला, काढायचं काय? हे खोलीभर नजर फिरवत मोठ्यानं विचार करत होते, तेव्हा स्वयंपाकघरातून वन्सं म्हणाल्या, "मला एक सुगड काढून दे की."

वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. लहानपण मंगळवेढ्याला गेलं, नवव्या वर्षी लग्न झालं आणि लग्नानंतरची पहिली संक्रांत यायच्या आतच नवरा गेला. तेव्हापासून माहेरी आणि आता आमच्याकडे. संक्रांतीला बायका मातीची सुगडं भरतात, बोरं, गाजर, हरभरा, उसाची कांडकी घालून. त्यांना हळदीकुंकवाची बोटं ओढतात, पुजतात आणि एकमेकींना वाण म्हणून देतात. वन्संनी बाजारातून सुगडं आणायची, धुऊन पुसून ठेवायची, माझ्यासाठी उसाची कांडकी करायची आणि पूजेच्या वेळी मागच्या खोलीत जाऊन बसायचं, असं इतकी वर्षं चाललं होतं. स्वतःचं सुगड त्यांना कधी मिळालंच नाही.

"चित्रातलं काढून दे," त्या म्हणाल्या. "माझ्या खोलीत टांगीन. चित्राला कोण बोलतंय?"

ह्यांचा चेहरा एकदम पडला. मग म्हणाले, "काढतो अक्का. नक्की काढतो." मला त्या क्षणी ह्यांचा अभिमान वाटला. तो फार दिवस टिकला नाही, पण वाटला हे खरं.

संक्रांत जवळच आली होती. काळी सुगडं आणली, मागच्या खोलीत एक उभं मांडलं, एक कलंडतं ठेवलं, शेजारी पितळेच्या तबकात वांगी, बोरं, गाजरं, हरभऱ्याचे डहाळे. मास्तर समोर बसले. एक डोळा मिटायचा, मान मागे घ्यायची, हवेत कुंचला फिरवायचा आणि मग तलवार चालवावी तसा एकच फटकारा. वन्सं दारातून बघत.

"हे काय हाय?" त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं.

"वांगं."

"मला वाटलं चप्पल हाय."

"अक्का, लांबून बघ."

वन्सं मागे सरकल्या, आणखी सरकल्या, परसात जाऊन पोचल्या आणि तिथून म्हणाल्या, "हितनं वांगं दिसतंय खरं."

ह्यांनी त्या म्हाताऱ्या चित्रकाराचा शब्द वेदवाक्य मानला होता. दिसतं तेवढंच काढायचं, मनानं काही घालायचं नाही. पण एक डोळा मिटून विचार करताना ह्यांचा हात आपोआप तबकात जायचा आणि बोर तोंडात जायचं. दुसऱ्या दिवशी बोरं कमी दिसली, म्हणून काल रंगवलेली बोरं सुरीनं खरवडून काढली. हरभरा सुकला, तर चित्रातलाही सुकवला. मी म्हटलं, "अहो, नवा आणते." तर म्हणाले, "नको, आता याचा रंग फार सुंदर झाला आहे." भोगीच्या सकाळी मी तबकातली वांगी उचलून चिरली. भोगीच्या भाजीला वांगी नकोत का? हे शाळेतून आले, रिकामं तबक बघितलं आणि ताटातल्या भाजीकडे असं पाहिलं की मला वाटलं आता ह्यांचा घास गळ्याखाली उतरायचा नाही. पण बाजरीच्या भाकरीशी दोनदा भाजी घेतली. घाण्याचं तेल काही केल्या वाळेना. मी तीळ भाजत होते, त्यातले उडून चित्राला चिकटले. ते वेचायला गेलं तर रंगही निघायचा, म्हणून तसेच राहिले.

तरीही एक सांगते, सुगडं छान उतरली होती. काळ्या मातीवर खिडकीचा उजेड पडलेला एका जाड पांढुरक्या रेघेत आला होता. वन्सं त्या रेघेकडे पुन्हा पुन्हा बघायच्या. पण त्यांचं एकच म्हणणं. "बोटं कुटंयत रे? हळदीकुंकवाची बोटं न्हाईत तर ते नुसतं मडकंच की."

"अजून पूजा कुठे झाली आहे, अक्का? सुगडावर दिसत नाहीत, मग काढू कशी? संक्रांतीला ही तिथे बोटं ओढेल, मी इकडे लगेच रंगवेन. दोन मिनिटांचं काम."

संक्रांतीच्या सकाळी मी काळी चंद्रकळा नेसून पूजा केली, प्रत्येक सुगडाला हळदीची आणि कुंकवाची बोटं ओढली आणि मागच्या खोलीकडे हाक मारली, "या लवकर! बायका यायच्या आत उरका." ह्यांनी पोळपाटावर कुंकवाचा तांबडा काढून ठेवला आणि मग पिवळा रंग काढला. त्यात जरा पांढरा घातला. मग जरा मातकट घातला. बाहेर येऊन हळदीकडे बघून गेले, पुन्हा कालवायला लागले. हळदीचा नेमका पिवळा म्हणजे काय, यावर शिवाशिवीच्या खेळासारख्या दोन्ही खोल्यांत येरझाऱ्या चालल्या होत्या. एवढ्यात शेजारच्या वकिलीणबाई सासूला आणि जावेला घेऊन दारात. त्यांना अजून चार घरी जायचं होतं. वाण द्यायला मी नाही कसं म्हणणार? तिघींनी तीन सुगडं घेतली, पाठोपाठ आणखी बायका आल्या, त्यांनी उरलेली घेतली.

हे पोळपाट घेऊन दारात आले. "सुगडं कुठायत?"

"गेली," मी म्हटलं.

"गेली? अगं, मी आत्ता कुठे पिवळा जमवला!"

"मग काढा की मनानं. रोज बघताय हळदकुंकू."

"मनानं?" जणू मी ह्यांना पाकीट मारायला सांगितलं होतं. खोलीत बायका बसलेल्या, त्यामुळे आवाज चढवता येईना. पोळपाट चित्राजवळ ठेवला, कोट चढवला आणि जाताना वन्संना म्हणाले, "अक्का, पुढच्या वर्षी नक्की."

वन्संनी नुसती मान हलवली. जन्मभर वाट बघितलेल्या बाईला पुढच्या वर्षी म्हणजे काय, हे त्या माणसाला कळत नव्हतं याचा मला इतका संताप आला की हातातली तिळगुळाची वाटी मी खाली आपटली.

बायकांची ये-जा चालू होती. वकिलीणबाई चार घरी जाऊन पुन्हा आल्या, कारण मास्तरांचं चित्र बघायचं राहिलं होतं. मी नको नको म्हणत असताना त्या सरळ मागच्या खोलीत शिरल्या. वन्सं कोपऱ्यात पाठ करून बसल्या होत्या. वकिलीणबाईंनी चित्र जवळून बघितलं, लांबून बघितलं आणि म्हणाल्या, "अगबाई! संक्रांतीच्या दिवशी असली ओकीबोकी सुगडं? बघवत नाही हो."

वन्सं उठल्या. मला वाटलं खोलीतून निघून जातील. त्या पोळपाटाकडे गेल्या, तर्जनी पिवळ्या रंगात बुडवली आणि उभ्या सुगडावर वरून खाली बोट ओढलं. मग त्याच तर्जनीनं दुसरं, तिसरं, पाचही. पदराला बोट न पुसताच तांबडा घेतला. पिवळ्याशेजारी तांबडं बोट, पुन्हा पाच. कलंडत्या सुगडाची पाळी आली तेव्हा मान तशीच कलती करून ओढली.

दारात बायका जमल्या. वकिलीणबाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही? आजच्या दिवशी?"

"रंग हाय तो, वकिलीणबाई," वन्सं शांतपणे म्हणाल्या. "मुंबईचा. तेलातला."

घरात एवढी वकिली असून वकिलीणबाईंना या गोष्टीला कलम सापडेना. मी पुढे होऊन त्यांच्या तळहातावर तिळगूळ ठेवला आणि गोड बोला म्हटलं. त्या दिवशी तरी त्या गोड बोलल्या असाव्यात, कारण काही न बोलताच गेल्या.

गिरणीचा भोंगा झाल्यावर हे परत आले. चित्रासमोर उभे राहिले, एक डोळा मिटला, मान मागे घेतली. मी मागून डोळे वटारून उभी होते. मग हे खिळा शोधायला गेले. चित्र त्याच संध्याकाळी वन्संच्या खोलीत लागलं, ओलंच.

वन्सं न्हाणीघरात बोट घासत असतील असं वाटून मी रॉकेलची बाटली घेऊन गेले. त्या तिथे नव्हत्या. चित्राखाली बसून तर्जनी दिव्याजवळ धरून बघत होत्या. नखापासून पेरापर्यंत पिवळं आणि तांबडं.

"वन्सं, पाण्यानं जायचं नाही ते. रॉकेलनं लगेच जातं. आणा बोट."

त्यांनी हात पदराखाली घेतला. "राहू दे की," त्या म्हणाल्या. "जाईल तवा जाईल."

मी बाटली परत फडताळात नेऊन ठेवली.