बाजारातली हाक आज बेटेगावच्या रस्त्यावर

आज बोईसरच्या मॅरेथॉनमध्ये मी आणि माझी लेक, आम्ही दोघी पळणार होतो. तीन महिने सातपाटीच्या किनाऱ्यावर सराव केला, आणि मग मी बंदरावर घसरून पाय मोडून घेतला. म्हणून आज ती एकटी पळाली आणि मी बेटेगावला रस्त्याकडेला प्लास्टर सांभाळत खुर्चीवर बसले.

निघताना तिने बजावलं होतं, "आई, तिथं बाजारासारखी ओरडू नको. कॉलेजच्या मैत्रिणी हायेत."

मी मासे विकते. माझी हाक बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाते. तरी म्हटलं, बरं, गप्प बसते.

शेवटचा एक किलोमीटर राहिला असताना लेक चालत येताना दिसली. मान खाली, हात कमरेवर. माझ्यासमोर येऊन थांबलीच. "आई, नाय होत आता."

मग मला राहवेना. कुबडीवर उभी राहिले आणि गिऱ्हाईक पुढे निघालं की ओरडते तशी ओरडले, "ए बाय, थांबतेस काय? पळ. तुझी आई बगते हाय."

सगळा रस्ता वळून बघायला लागला. मागून येणाऱ्या तिच्या मैत्रिणी हसल्या. तीही हसली आणि पळत सुटली. ती दिसेनाशी झाली तरी मी ओरडतच होते.

मेडल घालून ती परत आली तोवर माझा घसा पार बसला होता. "उद्या बाजारात हाका कोण मारणार?" मी कसंबसं विचारलं.

"मी येते ना. मी मारीन."

तर पालघरकरांनो, उद्या मासळी बाजारात नवा आवाज ऐकू आला, तर दोन मिनिटं थांबाल ना?