राक्षसाचा डावा खांदा

माझ्या डाव्या जबड्यात एक दात नाही. त्या मोकळ्या जागी जीभ गेली की मला अजून टाळ्या ऐकू येतात.

नोकरी म्हणून मार खाल्लेली माणसं जगात फार नसतील. मी मात्र वर्षानुवर्षं खाल्ला आहे, नियमाने, पगारी, पीएफसकट. इंदूरच्या बायपासपलीकडे एक मोठं थीम पार्क आहे. पाण्याच्या घसरगुंड्या, आकाशपाळणा, भूतबंगला, सगळं आहे तिथे. त्या पार्कात रोज दुपारी एक राक्षस मला उचलून आपटायचा, बरगड्यांवर गदा हाणायचा, कमरेचा पट्टा धरून रिंगणभर फरफटवायचा, आणि शेवटी मी त्याला ठार मारायचो. मी राजकुमार होतो. वय पंचेचाळीस, टकलावर टोप, पोटावर चिलखत; पण मागच्या रांगेतून पाहिलं तर राजकुमारच!

आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या संस्थानची कारकुनी. तलवार उचलणारा मी पहिला, तीही अॅल्युमिनियमची. आई नातेवाइकांना सांगायची, "तो एंटरटेनमेंटच्या कंपनीत आहे," आणि लगेच चहा टाकायला उठायची.

या कंपनीचे इतिहास दोन होते. एक ऑफिसच्या भिंतीवर, काचेच्या फ्रेममध्ये. त्यात व्हिजन होतं, मिशन होतं, हसरी कुटुंबं होती. तो वाचून वाटायचं, कंपनी थेट घसरगुंडीवरून घसरतच जन्माला आली असावी. दुसरा इतिहास म्हाताऱ्या सेठजींच्या तोंडी होता, आणि तो सकाळच्या पोह्यांबरोबर फुकट मिळायचा.

सेठजी मूळचे माळव्यातल्या जत्रांमध्ये फिरणारे. आधी मौत का कुआँच्या बाहेर मचाणावर उभं राहून गर्दीला ओरडून बोलावणं, मग स्वतःचा तंबू. तंबूत एक पैलवान आणि एकच हाक: "आओ, हमारे पैलवान को चीत करके दिखाओ!" गावोगावचे तगडे गडी उतरायचे. कोणाचं नाक फुटायचं, कोणाचा कान फाटायचा. एकाचं गळ्याचं हाड मोडलं तेव्हा ऊस मोडल्यासारखा आवाज झाला होता, हे सेठजी जिलेबी मोडून दाखवत सांगायचे.

"और फैसला मैं करता था," ते म्हणायचे. "पैलवान पाठीवर पडला की मी जमिनीला गाल लावायचो नि खांद्याखाली हात सरकवायचो. हात गेला, तो चीत नहीं. दोन्ही खांद्यांखाली अडला, तो चीत. बेईमानी केली असती तर गर्दीने मलाच फाडलं असतं, भिया."

त्या तंबूतून आकाशपाळणा आला, पाळण्यातून जमीन आली, जमिनीवर पार्क आलं. भिंतीवरच्या फ्रेममध्ये तंबू तेवढा नव्हता. फुटलेली नाकं हसऱ्या कुटुंबांशेजारी बरी दिसली नसती.

आमचा राक्षस सेठजींनीच आणला. बडा गणपतीजवळच्या अखाड्यातला नावाजलेला पैलवान, गुडघा कामातून गेल्यामुळे कुस्ती सुटलेली. मान अशी, की ती कुठे संपते आणि डोकं कुठे सुरू होतं ते फक्त न्हाव्याला माहीत. एक कान रगडून रगडून वाळल्या अंजिरासारखा झालेला. आणि अख्ख्या आयुष्यात एकदाही त्याची पाठ मातीला लागलेली नव्हती.

पहिल्या तालमीला मी त्याला समजावलं, की मारायचं पण लागू द्यायचं नाही.

"लागू द्यायचं नाही तो फिर मारायचं कायको?" त्याने प्रामाणिकपणे विचारलं आणि मला कुंपणापलीकडे फेकलं. मी आइस्क्रीमच्या गाडीवर पडलो. पुढे मी त्याला चुकवायला शिकवलं आणि त्याने मला पडायला शिकवलं. तरीही महिन्याकाठी माझं काही ना काही सुजायचंच. साखरेच्या पाकात रंग मिसळून केलेलं खोटं रक्त अंगभर असायचं, त्यावर माश्या बसायच्या, आणि त्यातच कधी खरं रक्त आलं तर लोकांना ते पसंत पडायचं नाही. खरं रक्त फार काळपट दिसतं.

प्रेक्षक म्हणजे साक्षात कसाईखाना! तुकोगंजातल्या एक निवृत्त शिक्षिका नातवंडांना घेऊन नेहमी यायच्या, सुती साडी, चष्म्याला साखळी. युद्ध सुरू झालं की त्या बाकावर उभ्या राहायच्या आणि किंचाळायच्या, "डोकं फोड त्याचं! फोड मेल्याचं!" मग खाली बसून नातवाचं नाक पुसायच्या.

सगळं सुखात चाललं होतं. मग पुण्याहून नव्या मॅडम आल्या. शो विभागाच्या प्रमुख, वयाने माझ्या भाचीएवढ्या, हुशार, आणि मराठी इतकी शुद्ध की मला दर वाक्याला आपण नापास होतोय असं वाटायचं.

"मेल्यावर राक्षस पाठीवर सपाट पडायला हवा," त्या म्हणाल्या. "राजकुमाराने छातीवर पाय ठेवायचा. मग गेस्टनी एकेक करून यायचं, पाय ठेवायचा आणि फोटो काढायचा. लोकांना हेच आठवणीत राहील."

पैलवान शिंगं हातात घेऊन उभा होता. "मर जाऊंगा मॅडमजी. चीत नहीं होऊंगा."

"म्हणजे?"

मी मध्ये पडलो. "मॅडम, दोन्ही खांदे मातीला टेकले की पैलवान चीत झाला, हरला. यांचे आजवर टेकलेले नाहीत. सगळ्या इंदूरला माहितेय."

"पण तुम्ही मेलेले असणार ना, काका!"

"मरने में क्या बेइज्जती? मरते तो सब हैं."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी राक्षसाच्या पोशाखाकडे पाहिलं. काळे लांब केस, गोधडीएवढे जाड. त्याखाली माणसाचा खांदा टेकलाय की अधांतरी आहे, कोणाच्या बापाला कळणार होतं? मी तोड सुचवली: उजवा खांदा खाली, डावा दोन बोटं वर. पाय ठेवायचा तो उजव्या बाजूला. पैलवानाने तिथेच आडवं पडून पाहिलं, डोळे मिटून हिशेब केला आणि म्हणाला, "चलेगा."

आणि चाललं. तो रोज मरायचा आणि समोर रांग लागायची. पोरं छातीवर नाचायची. पोटभर कचोऱ्या चेपून आलेले बाप सगळा भार टाकून उभे राहायचे आणि वर मिशी पिळायचे. तो मेलेला, डोळे मिटलेले, आणि केसांखाली डावा खांदा मातीपासून दोन बोटं वर. रांग संपेपर्यंत. नंतर हात इतका भरून यायचा की डोक्यावरची शिंगं मीच उतरवायचो.

मग एका गेस्टने रील टाकलं. त्याचा गोबरा मुलगा राक्षसाच्या छातीवर पाय आपटतोय आणि खाली अक्षरं: पैलवान चीत. मुखवट्याबाहेर राहिलेला तो अंजिरासारखा कान कोणीतरी ओळखला, आणि रील या मोबाइलवरून त्या मोबाइलवर करत अखाड्यात पोचलं.

दुसऱ्या दिवशी पैलवान माझ्याशेजारी येऊन बसला. गदा मांडीवर.

"अखाड्यात गेलो होतो. पोरं हसत होती. म्हणे, काकाजी रोज पगार लेके पीठ लगवाते हैं."

"मग सांगायचं ना, की खांदा वर असतो!"

"कौन मानेगा भिया? मेरेको तो अब वहाँ की मिट्टी माथे से लगाने में शर्म आ रही."

हे तो इतक्या हळू बोलला की मला घाबरायला झालं. मोठ्या माणसाने हळू बोलणं चांगलं नसतं.

रविवारी पहिल्या रांगेत अखाडा बसला होता. मधोमध एक माणूस, हा एवढा थोरला, मांडीवर चिमुरडी नात. पैलवानाने त्याला पाहिलं आणि मुखवट्याआडून म्हणाला, "वो आया है." तरुणपणी कुस्त्यांच्या एका दंगलीत पैलवानाने त्याची पाठ मातीला लावली होती. अंगाची माती धुऊन निघते. मनातली त्याने जपून ठेवली होती.

खेळ झाला. मी आपटला गेलो, फरफटलो, तलवार खुपसली, राक्षस गर्जना करून कोसळला. मी पाय उचलला. तेवढ्यात समोरून आवाज आला:

"चीत! देख लो सब! जिसने मेरेको चीत किया था, उसको बच्चे चीत कर रिये! नूरा कुश्ती का पैलवान!"

ठरवून हरायच्या कुस्तीला नूरा म्हणतात. पैलवानाला याहून घाण शिवी नाही. पहिली रांग टाळ्या पिटत ओरडू लागली, "चीत! चीत!"

माझा पाय हवेतच. कानातल्या यंत्रात मॅडम: "पाय ठेवा! पाय ठेवा!" पायाखालून मेलेल्या राक्षसाचा आवाज: "पांव मत रख, भिया." एका पायावर मी उभा, राजकुमार नव्हे, बगळा!

मग राक्षस उठला.

शिंगं भिरकावली, मुखवटा फाडला. समोरचा माणूस नातीला शेजाऱ्याच्या मांडीवर ठेवून कुंपण ओलांडून आत आला, आणि दोन रेडे भिडावेत तसा धप्प असा आवाज झाला. पहिल्याच झटक्यात पैलवानाचं नाक फुटलं. त्याने उत्तरादाखल त्या धिप्पाड देहाला पाठीवर घेऊन धोबीपछाड मारली. थर्मोकोलचा अख्खा किल्ला त्याखाली चुरा झाला. तो माणूस थर्मोकोलमधून पांढराफेक होऊन उठला आणि त्याने पैलवानाच्या बरगड्यांत डोकं घातलं. मी सोडवायला गेलो. एक कोपर आलं. ते कोणाचं होतं हे आजवर ठरलेलं नाही. दोघंही श्रेय घेतात.

कानात मॅडम किंचाळत होत्या, "हे ठरलेलं नाहीये!" उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, तर दात बाहेर पडला.

आणि लोक? लोकांना वाटलं, नवा शो! शिट्ट्या, टाळ्या, शेकडो मोबाइल वर. "क्या एक्टिंग है यार!" तुकोगंजच्या बाई बाकावर उभ्या: "डोकं फोड त्याचं!" कोणाचं ते आता त्यांनाही माहीत नसावं.

मग पैलवानाचा गुडघा दगा देऊन गेला. कडकन आवाज आला, तो उताणा पडला, आणि तो प्रचंड माणूस त्याच्या छातीवर पसरला. उजवा खांदा टेकला. डाव्यावर दोन्ही हातांनी सगळा भार टाकून तो दाबू लागला. पहिली रांग उभी राहिली. आता नाटक नव्हतं. इथे खांदा टेकला असता, तर रीलमधली ती अक्षरं खरी झाली असती.

मी आडवा पडलेलो, तोंडात रक्त, डोळ्यांच्या रेषेत तो डावा खांदा. केस बाजूला झाले होते. खाली दोन बोटं उजेड दिसत होता.

आणि मला हसू फुटलं. कारण त्या बिचाऱ्या माणसाला ठाऊकच नव्हतं, की तो काय दाबतोय! आम्ही त्या खांद्याला रोज तालीम दिली होती. कचोरीवाल्या बापांनी दिली होती. नाचऱ्या पोरांनी दिली होती. मरून मरून तो खांदा असा तयार झाला होता, की अख्खं इंदूर रांगेने येऊन उभं राहिलं असतं तरी खाली गेला नसता. वरचा माणूस दाबत राहिला, लाल झाला, जांभळा झाला, घामाच्या धारा लागल्या, आणि शेवटी दाबायचं सोडून नुसता त्याच्यावर पडून धापा टाकू लागला.

गर्दीतून काठी टेकत सेठजी आले. पांढरा सफारी, कडक इस्त्री. त्यांनी काठी टाकली, सरळ मातीत आडवे झाले, जमिनीला गाल लावला आणि डाव्या खांद्याखाली हात सरकवला. पहिली रांग गप्प झाली. ती गप्प झाली म्हणून बाकीचेही झाले. हात मनगटापर्यंत आत गेला. सेठजींनी तो बाहेर काढला, वर धरला आणि माइकशिवाय, जत्रेतल्या मचाणावरच्या आवाजात ओरडले:

"गया! चीत नहीं!"

अखाड्याच्या पोरांनी जी आरोळी ठोकली ती खजराण्यापर्यंत गेली असेल. मॅडम माझ्या कानात रडत होत्या की हसत होत्या, ते यंत्र खराब झाल्यामुळे कळलं नाही.

आता गंमत ऐका. रिंगणात थर्मोकोल, रक्त, माझा दात, आणि फोटोची रांग मात्र लागलीच! तिकिटात फोटो होता ना. मी म्हटलं, पैलवान, आज राहू दे. तो म्हणाला, "ड्यूटी है." गुडघ्याला फडकं बांधून, फुटलेल्या नाकाने तो पुन्हा मेला.

रांगेत पहिली होती ती चिमुरडी. तिने आजोबांचं बोट धरून पाऊल राक्षसाच्या छातीवर ठेवलं. आजोबांच्या एका डोळ्याची पुरी झाली होती. त्यांनी दुसऱ्या डोळ्याने मोबाइल धरला. मग थांबले. इकडेतिकडे पाहिलं, कण्हत खाली वाकले आणि डाव्या खांद्याखाली हात घातला.

मेलेला राक्षस डोळे न उघडता म्हणाला, "गया?"

"गया."

"तो फोटो खींच."