एकशे आठ पुस्तकांचा नेम

मूर्तिजापूरच्या इंदूबाईंनी या चातुर्मासात कांदा-लसूण सोडलं, त्यासोबत आणखी एक नेम धरला. कार्तिकी एकादशीपर्यंत गल्लीतल्या पोरांकडून एकशे आठ पुस्तकं वाचून घ्यायची. पोरांच्या हाती पुस्तक देणं ही गल्लीतल्या मंदिरातल्या महाराजांचीच सेवा, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. दर गुरुवारी आरती झाली की त्या मंदिराच्या ओसरीवर पुस्तकांची पेटी उघडून बसत. पोरानं पुस्तक वाचून त्यातलं दोन वाक्यांत सांगितलं, की वहीत कुंकवाची एक टिकली.

पहिले दोन महिने इंदूबाई पोराचा चेहरा पाहून पुस्तक काढायच्या. कोणाला भुताचं, कोणाला हसवणारं, एकाला तर नुसतं विमानांचं. पण भाद्रपदात टिकल्या मोजल्या तर अवघ्या एकोणचाळीस! तेव्हापासून त्यांचा हात पातळ पुस्तकांकडे जाऊ लागला. सोळा पानं, मोठी अक्षरं, पानभर चित्र. पोरं तिथंच पायरीवर वाचून मोकळी होत. टिकल्या भराभर वाढल्या.

"पुस्तकं देऊन राहिली का फुटाणे वाटून राहिली?" हरिहररावांनी, त्यांच्या यजमानांनी, एकदा विचारलं. सारा जन्म मास्तरकीत गेलेला माणूस.

"तुमी आपला पेपर वाचा," इंदूबाई म्हणाल्या.

एका बैठकीत तीन-तीन वाचणारी एकच होती, चौथीतली आचल. मागच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या शकुनची पोरगी. तिला किड्यांचं वेड. काडेपेटीत सोनकिडा घेऊन थेट मंदिरात यायची. "आजी, हा हिरवा काहून चमकते? मेल्यावर बी चमकते का?"

पेटीच्या तळाशी किड्यांवरचं दोनशे पानांचं पुस्तक होतं. इंदूबाईंनीच ते अकोल्याच्या प्रदर्शनातून हौसेनं आणलेलं. आचलनं ते तीनदा मागितलं आणि तिन्ही वेळा तिच्या हाती ससे-खारींचं काहीतरी पडलं.

एकादशीला बारा दिवस उरले असताना तिनं चौथ्यांदा मागितलं. हे जाडं पुस्तक नेलं की पोरगी महिनाभर त्यातच अडकणार, मग टिकल्या कोण भरणार? इंदूबाईंच्या तोंडून निघून गेलं, "तुले नाही समजणार ते, बाई. लई कठीण आहे."

आचलनं हातात आलेलं वाचलं, दोन वाक्यं सांगितली आणि गेली.

पुढच्या गुरुवारी ती आली नाही. टिकल्या एकशे सहावर अडल्या. दोनच तर पाहिजेत, म्हणून इंदूबाई तिला बोलवायला शकुनच्या दारात गेल्या.

शकुननं मशीन थांबवली. "काकू, तुमी तिले काय म्हटलं वो? मी ढ आहे म्हणते. काडेपेटी बी फेकून देली."

इंदूबाईंना तिथं उभं राहवेना. तशाच घरी गेल्या, पेटीच्या तळातून ते पुस्तक काढलं आणि धापा टाकत परत आल्या. आचल आईच्या मशीनजवळ उभी होती.

"घे, आचल."

"नको. मले नाही समजत."

"समजते वं. मी खोटं बोलली."

"काहून?"

इतके दिवस किड्यांबद्दल विचारलेल्या शंभर 'काहून'ला त्यांनी काहीबाही सांगून वेळ मारून नेली होती. याला तसं करता येईना. "मले मोजाची होती पुस्तकं. एकशे आठ. देवाचा नेम होता माहा."

"मंग माह्यी किती झाली?"

"एकतीस."

आचलनं जरा विचार केला. "त्यातलं एकबी चांगलं नव्हतं."

"आचल!" शकुन ओरडली.

"बोलू दे तिले," इंदूबाई म्हणाल्या.

पोरीनं पुस्तक घेतलं, भिंतीशी बसली. पहिल्याच पानावर एका शब्दाशी अडली. तो तिनं आईला विचारला. शकुनला येत नव्हता. इंदूबाईंना येत होता. पण आचलनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, आणि न विचारता सांगायचं तोंड त्यांच्याजवळ उरलं नव्हतं.